अमेरिकेचं सरकार आरोग्यविम्यावरून बंद का पडतं?

'बंद' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शटर ओढलेली दुकानं आणि आगारात उभ्या असलेल्या एसट्या येतात. १ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेचं सरकार बंद पडलं ते तसं नव्हतं. टपाल वाटलं जात होतं, निवृत्तांच्या खात्यात पैसे जमा होत होते, विमानंही उडत होती. मात्र लाखो सरकारी कर्मचारी बिनपगारी घरी बसले होते आणि वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयांना पुढे कुलूप लागलं. विमानतळांवरचे हवाई वाहतूक नियंत्रक तर बिनपगारी कामावर येत होते. हे सगळं ४३ दिवस चाललं. भांडण कशावरून, तर आरोग्यविम्याच्या हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवरून.

इथे दोन कोडी आहेत. सरकार पडत नाही, पण बंद पडतं, हे कसं? आणि विम्याच्या सवलतीचा संग्रहालयाच्या कुलपाशी संबंध काय? डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांच्यात तत्त्वांचा झगडा आहेच. आजारी माणसाचा खर्च सरकारने उचलावा की ज्याचा त्याने, हा तो झगडा. पण तो खेळला जातो जमाखर्चाच्या वहीत. ती वही कशी लिहायची याचे नियम इतके चमत्कारिक आहेत, की कायद्यांचा आकार पुष्कळदा तत्त्वाऐवजी त्या नियमांवरून ठरतो.

राजीनामा नाही, म्हणून कुलूप

आपल्याकडे लोकसभेने खर्चाच्या मागण्या फेटाळल्या तर सरकारला जावं लागतं. त्यामुळे ज्याच्याकडे सरकार, त्याच्याकडे पैसा मंजूर करून घेण्याइतकं बहुमत असतंच. वेळ कमी पडला तर लेखानुदान घेऊन काम भागतं. राज्यसभेला धनविधेयक १४ दिवसांपलीकडे रोखून धरता येत नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडला जातो आणि अर्थसंकल्प अडला म्हणून त्याची चार वर्षांची मुदत संपत नाही. काँग्रेसची दोन्ही सभागृहं, प्रतिनिधिगृह आणि सिनेट, वेगळ्या पक्षांच्या हाती असू शकतात. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी खर्चाची १२ विधेयकं मंजूर व्हायला हवीत, ती वेळेवर क्वचितच होतात. मग आपल्या लेखानुदानासारखी तात्पुरती मंजुरी घेतात. तीही मिळाली नाही तर काय?

मंजुरीवाचून खर्च करायला मनाई करणारा कायदा १८८४ पासून आहे. तरी १९८० पर्यंत असा खंड पडला, की कार्यालयं काटकसरीने का होईना, चालूच राहत. मंजुरी आज ना उद्या येईल असं धरून चालत. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे महाधिवक्ता बेंजामिन सिव्हिलेटी यांनी या कायद्याचा अर्थ काटेकोर लावला. मंजुरी नसेल तर कार्यालय बंद करा. माणसांचा जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणाचं काम तेवढं चालू ठेवा, असं त्यांनी १९८१ च्या सुरुवातीला स्पष्ट केलं. म्हणजे एका कायदेशीर मतापासून ही प्रथा सुरू झाली. तिला अजून पन्नास वर्षंही झालेली नाहीत.

जे आपोआप कापलं जातं ते थांबत नाही

आता निवृत्तांचे पैसे का थांबले नाहीत ते पाहू. आपल्या घरखर्चात गृहकर्जाचा हप्ता आणि विम्याचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला बँकेतून आपोआप कापला जातो, त्यासाठी दर महिन्याला घरात चर्चा होत नाही. किराणा, कपडे, सहल यांची मात्र होते. अमेरिकी सरकारचा खर्चही असाच दोन भागांत आहे. वृद्धांचं पेन्शन, ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा मेडिकेअर, गरिबांचा मेडिकेड आणि कर्जावरचं व्याज हे 'आपोआप' खात्यात. यासाठीचा कायदा एकदाच झालेला आहे. जो पात्र आहे त्याला पैसे मिळतात. एकूण खर्चाचा जवळजवळ तीन चतुर्थांश हिस्सा हाच. उरलेला साधारण पाव भाग, म्हणजे सैन्य, संशोधन, उद्यानं, संग्रहालयं, खात्यांचे पगार, दरवर्षी नव्याने मंजूर करावा लागतो. कुलूप लागतं ते या पाव भागाला. त्यातही सैन्य कामावरच राहतं, पगाराचं काय ते नंतर.

हा फरक कळला की २०१३ सालची गंमत कळते. त्या वर्षी रिपब्लिकनांनी अट घातली, की ओबामांचा आरोग्य कायदा रोखल्याशिवाय खर्चाला मंजुरी नाही. सिनेटर टेड क्रूझ त्यासाठी २१ तास उभं राहून बोलले. १ ऑक्टोबरला सरकार बंद पडलं. आणि नेमक्या त्याच दिवशी ओबामाकेअरचा विमा विकणारं सरकारी संकेतस्थळ सुरू झालं! कारण विम्याची सवलत 'आपोआप' खात्यात होती, तिला वार्षिक मंजुरी लागतच नव्हती. ते संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडलं हे खरं, पण त्याला कारण संगणकाचं होतं. १६ दिवसांनी सरकार उघडलं, आणि ज्या कायद्यासाठी एवढा खटाटोप झाला तो होता तसाच राहिला.

ओबामाकेअर दोन मिनिटांत

अमेरिकेत बहुतेक नोकरदारांना कंपनीकडून विमा मिळतो. वृद्धांना मेडिकेअर आणि गरिबांना मेडिकेड आहे; हे दोन्ही १९६५ चे. मध्ये उरतात ते छोटे दुकानदार, टॅक्सीवाले, शेतकरी, पासष्टीच्या आधी निवृत्त झालेले. मुलाकडे ग्रीन कार्डावर गेलेले आपल्याकडचे आई-बाबाही यात येतात. मेडिकेअरसाठी त्यांना सलग पाच वर्षांचा रहिवास लागतो, तोवर विमा याच खुल्या बाजारातून घ्यावा लागतो.

२०१० पूर्वी या बाजारात मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्याला कंपनी सरळ नकार देऊ शकत असे. ओबामांच्या कायद्याने तो नकार बेकायदा ठरवला. पण मग लोक आजारी पडल्यावरच विमा घेतील आणि कंपन्या बुडतील. म्हणून निरोगी माणसानेही विमा घ्यावा, नाहीतर दंड भरावा, अशी सक्ती आली. सक्ती करायची तर न परवडणाऱ्याला मदत द्यायला हवी, म्हणून उत्पन्नानुसार हप्त्यात सवलत आली. तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. यातली एक काढून दुसरी टिकवणं अवघड, आणि पुढची सगळी भांडणं नेमकी असंच काहीतरी काढण्यावरून झाली.

साठ मतं नसतील तर

सिनेटमध्ये १०० सदस्य. ५१ मतांनी कायदा व्हायला हवा. पण तिथे चर्चा कितीही लांबवण्याची मुभा आहे आणि ती थांबवायला ६० मतं लागतात. फिलिबस्टर म्हणतात तो हाच प्रकार. ओबामांचा कायदा सिनेटने २४ डिसेंबर २००९ रोजी ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केला. एकही रिपब्लिकन मत त्यात नव्हतं. महिन्याभरात मॅसॅच्युसेट्समधल्या पोटनिवडणुकीत टेड केनेडींची रिकामी झालेली जागा रिपब्लिकन पक्षाने जिंकली. डेमोक्रॅटांचं साठावं मत गेलं.

कायद्यातल्या उरलेल्या दुरुस्त्यांसाठी मग त्यांनी आडवाट धरली. १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्यात 'रिकन्सिलिएशन' नावाची तरतूद आहे. जमाखर्चाचा मेळ घालणाऱ्या विधेयकावर सिनेटमध्ये फक्त २० तास चर्चा होते, आणि ते साध्या बहुमताने मंजूर होतं. अट एवढीच, की विधेयकात पैशाचंच काही असावं. ही अट वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या नावाने ओळखली जाते. ज्या कलमाचा सरकारी तिजोरीशी संबंध नाही किंवा नावापुरताच आहे, ते गाळायचं. ठरलेल्या मुदतीनंतर, बहुधा दहा वर्षांनंतर, तूट वाढवणारी तरतूदही चालत नाही.

हे आपल्याला अगदीच परकं वाटू नये. २०१६ मध्ये आधारचा कायदा, राज्यसभेत बहुमत नसताना, धनविधेयक म्हणून आणला गेला होता. ते खरोखर धनविधेयक होतं का, यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातच मतभेद झाले, न्या. धनंजय चंद्रचूड यांचं विरोधी निकालपत्र त्याचंच. अमेरिकेत असा निवाडा सिनेटच्या नियमसल्लागार अधिकारी, म्हणजे पार्लमेंटेरियन, देतात. २०१२ पासून एलिझाबेथ मॅकडोनो या पदावर आहेत. दोन्ही पक्षांचे वकील एकेक कलम घेऊन त्यांच्यापुढे बसतात, आणि काय राहिलं, काय गळलं ते ठरतं. निवडून न आलेल्या एका अधिकाऱ्याच्या निर्णयावर कोट्यवधी लोकांचा औषधखर्च ठरतो.

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये डेमोक्रॅटांना रुग्णासाठी इन्सुलिनचा खर्च महिन्याला ३५ डॉलरच्या वर जाऊ द्यायचा नव्हता. मेडिकेअर सरकारी, तिचा पैसा तिजोरीतला. म्हणून ६५ वर्षांवरच्यांसाठी ही मर्यादा नियमात बसली. खाजगी विम्यातल्या रुग्णासाठी तीच मर्यादा नियमाबाहेर ठरली, म्हणून तिला ६० मतं लागली. मिळाली ५७. त्यामुळे मेडिकेअरवरच्या सदुसष्ट वर्षांच्या बाईला या कायद्याने ३५ डॉलरचं संरक्षण मिळालं; खाजगी विम्यावरच्या तिच्या चाळीस वर्षांच्या मुलाला, आजार तोच आणि औषध तेच असून, मिळालं नाही. वैद्यकशास्त्रात या फरकाला कसलाही आधार नाही.

दुसरं उदाहरण याहून विचित्र. २०१७ मध्ये रिपब्लिकनांकडे सिनेटमध्ये ५२ जागा होत्या. ओबामाकेअर मोडण्यासाठी त्यांनी हीच आडवाट धरली. २८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर त्यांच्याच पक्षाचे जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली केला आणि विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडलं. काही दिवसांपूर्वीच त्यांच्या मेंदूतल्या कर्करोगाचं निदान झालेलं होतं. डिसेंबरमध्ये पक्षाने करकपातीचा कायदा केला आणि विम्याची सक्ती त्यात गुंडाळली. सक्ती रद्द करणं पैशाच्या नियमात बसेना. दंडाची रक्कम बदलणं मात्र बसत होतं. म्हणून दंड शून्य डॉलर केला. सक्ती आजही कायद्यात आहे. विमा घेतला नाही तर दंड होतो, तो शून्य असतो.

> चौकट: वाचताना उपयोगी पडतील असे शब्द
>
> शटडाऊन: वार्षिक मंजुरी नसल्यामुळे सरकारी कार्यालयांना लागलेलं कुलूप. पेन्शन, मेडिकेअर चालूच.
> फिलिबस्टर: सिनेटमध्ये चर्चा लांबवून विधेयक अडवणं. मोडायला ६० मतं.
> रिकन्सिलिएशन: फक्त जमाखर्चाच्या बाबींसाठी साध्या बहुमताची वाट.
> बर्ड नियम: त्या वाटेवरून काय जाऊ शकत नाही ते सांगणारा नियम.
> सीबीओ: काँग्रेसचं स्वतःचं हिशेब कार्यालय. विधेयकाचा दहा वर्षांचा खर्च सांगतं.

सीबीओचा आकडा

राष्ट्राध्यक्ष निक्सन काँग्रेसने मंजूर केलेला काही पैसा खर्चच करत नसत. त्या भांडणातून १९७४ चा अर्थसंकल्प कायदा झाला आणि काँग्रेसने स्वतःचे हिशेबनीस नेमले. त्या सीबीओच्या पहिल्या संचालक अर्थतज्ज्ञ अ‍ॅलिस रिव्हलिन. कार्यालय लहान, तीनशेच्या आत माणसं. त्याच्या हातात मत नाही, नकाराधिकार नाही. पण प्रत्येक मोठ्या विधेयकाला ते किंमत लावतं: दहा वर्षांत इतका खर्च, इतकी तूट, इतके लोक विम्याबाहेर.

हा आकडा सरकारांना घाबरवतो. १९९४ मध्ये क्लिंटन यांची सार्वत्रिक विम्याची योजना चर्चेत होती. लोक आणि कंपन्या जे हप्ते भरतील ते सरकारच्या हिशेबात धरू नयेत, असा व्हाइट हाउसचा आग्रह होता. तेव्हाचे संचालक रॉबर्ट रायशॉर यांनी ते धरले. योजना एका फटक्यात 'अवाढव्य सरकारी कार्यक्रम' दिसू लागली. ती मेली त्याला आणखीही कारणं होती, पण हा घाव वर्मी लागला.

ओबामांच्या लोकांनी धडा घेतला आणि कायदा आकड्याच्या मापाने बेतला. दहा वर्षांत खर्च ९०० अब्ज डॉलरच्या आसपास राहील असं ओबामांनी सांगितलेलं होतं. मग सवलती कधी सुरू होणार? कायदा २०१० चा, सवलती २०१४ पासून. त्यामुळे हिशेबाच्या दहा वर्षांत खर्चाची वर्षं सहाच आली. टीकाकारांनी यावर बोट ठेवलं ते बरोबरच होतं. मात्र सीबीओने त्यापुढच्या दशकातही तूट घटेल असा ढोबळ अंदाज दिला होता, हे ते सांगत नसत. एकूण तूट १४३ अब्ज डॉलरने घटेल, असा आकडा आला. त्यातली सुमारे ७० अब्जांची बचत दीर्घकालीन शुश्रूषेच्या एका योजनेची होती. तिच्यात लोक आधी पाच वर्षं हप्ते भरणार आणि लाभ नंतर सुरू होणार. म्हणजे पहिल्या दशकात जमाच जमा. ही योजना चालणार नाही हे सरकारनेच २०११ मध्ये मान्य केलं आणि ती सुरू न होताच रद्द झाली.

सीबीओ चुकतं का? चुकतं. २०१६ मध्ये खुल्या बाजारातून दोन कोटींहून जास्त लोक विमा घेतील असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात घेतला सुमारे एक कोटींनी. तरी मला हे कार्यालय मोलाचं वाटतं, कारण ते दोन्ही पक्षांना सारखंच नकोसं होतं. २०१७ मध्ये रिपब्लिकनांच्या पहिल्या मसुद्यामुळे दहा वर्षांत २ कोटी ४० लाख लोक विम्याला मुकतील, असं त्याने सांगितलं तेव्हा त्याचे संचालक रिपब्लिकन काँग्रेसनेच नेमलेले होते.

२०२५ चं भांडण, तारखांच्या भाषेत

कोविडच्या काळात, मार्च २०२१ मध्ये, डेमोक्रॅटांनी विम्याची सवलत वाढवली. कितीही उत्पन्न असलं तरी ठरावीक विम्याचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर जाणार नाही, असं केलं. वाट रिकन्सिलिएशनची. कायमची सवलत दिली तर आकडा फुगतो, म्हणून मुदत घातली दोन वर्षांची. २०२२ मध्ये ती वाढवली २०२५ अखेरपर्यंत. सुरुंग पुरला तो त्यांनी स्वतःच. वात किती लांब ठेवायची ते सीबीओच्या आकड्याने ठरवलं.

२०२५ मध्ये सिनेटमध्ये रिपब्लिकन ५३ होते. कोविड संपला, आता खात्यापित्या लोकांना सवलत कशाला, पैसा शेवटी विमा कंपन्यांच्या घशात जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. वाढीव सवलत आपोआप संपणार होती. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. डेमोक्रॅटांकडे कायदा करण्याचं बळ नव्हतं. पण वार्षिक खर्चाची मंजुरी रिकन्सिलिएशनने होत नाही, तिला ६० मतं लागतात. अल्पमताला नाही म्हणता येईल असं विधेयक समोर होतं ते हेच. म्हणून त्यांनी ते अडवलं. २०१३ मध्ये रिपब्लिकनांनी वापरलेलंच हत्यार बाजू बदलून आलं. संग्रहालयाच्या कुलपाचा विम्याशी एवढाच संबंध.

वाढीव सवलत संपण्याचा अर्थ काय, ते एका डॉलरवर पाहता येतं. मूळ कायद्यात सवलतीची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नाची आहे. २०२६ साठी एकट्या माणसाला ती पडते ६२,६०० डॉलर. साठीच्या जवळ आलेल्या, स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्या माणसाने तेवढेच कमावले, तर मध्यम दर्जाच्या विम्याचा हप्ता वर्षाला साधारण ६,२०० डॉलरवर जात नाही. त्यापेक्षा एक डॉलर जास्त कमावला, की सवलत पूर्ण बंद. कंपनी जो दर लावेल तो भरायचा. आणि या वयाच्या माणसाला कंपनी तरुणाच्या तिप्पटीपर्यंत दर लावू शकते. डिसेंबरात एखादं जादा काम आलं तर ते घ्यावं की सोडावं, याचा हिशेब असा माणूस करत बसतो.

२०२५ मध्ये अशा विम्यावर सुमारे २ कोटी ४० लाख लोक होते आणि बहुतेकांना सवलत मिळत होती. वाढीव सवलत कायम ठेवायला दहा वर्षांत ३५० अब्ज डॉलर लागतील, असं सीबीओने सांगितलं. परवडणार नाही, असं उत्तर आलं. इथे मला खरी हरकत आहे. त्याच वर्षी ४ जुलैला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यात २०१७ ची करकपात पुढे चालू ठेवली गेली. तीही मुदत संपत आलेलीच तरतूद होती. तिच्यासाठी सिनेटमधल्या रिपब्लिकनांनी हिशेबाची पद्धत बदलली: कपात आधीपासून चालूच आहे, तेव्हा ती चालू ठेवण्याचा खर्च शून्य. नेहमीच्या पद्धतीने सीबीओचा आकडा होता संपूर्ण कायद्यामुळे ३.४ लाख कोटी डॉलरची जादा तूट, आणि २०३४ पर्यंत विम्याबाहेर जाणारे आणखी एक कोटी लोक. चालू करकपात पुढे नेली तर खर्च शून्य, चालू विमासवलत पुढे नेली तर ३५० अब्ज. वही एक आणि वर्षही एक.

१२ नोव्हेंबरला सरकार उघडलं. डेमोक्रॅटांच्या गटातले आठ सिनेटर फुटले. बदल्यात डिसेंबरमध्ये सवलतीवर मतदान घेण्याचं आश्वासन मिळालं. मतदान झालं, ६० मतं मिळाली नाहीत आणि ३१ डिसेंबरला वाढीव सवलत संपली.

जुलैच्या कायद्यातल्या तारखाही पाहून ठेवाव्यात. टिपवरच्या करातली सूट २०२५ पासूनच लागू झाली आणि ती २०२८ पर्यंत, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वर्षापर्यंत आहे. मेडिकेडवरच्या अनेक धडधाकट प्रौढांना महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागणार आहे. ही अट राज्यांनी सर्वसाधारणपणे १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे. काँग्रेसची निवडणूक नोव्हेंबर २०२६ मध्ये आहे.